रिकाम्या गाडीच्या कमानी

१२ मार्च

ताई,

नमस्कार. मोठ्यानं म्हणतोय, ऐकू येईल असा. मागच्या खेपेला फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला आणि तू शेवटी "बरं, ठेवते" म्हणून मोकळी झालीस. त्यापेक्षा पत्र बरं. घणाच्या आवाजानं तुझे कान गेले असले तरी डोळे अजून शाबूत आहेत.

काम असं आहे की पिकअप उंच करून घ्यायची आहे. आमच्या ओढ्यावरची फरशी तू पाहिली आहेस. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी वाहतं. फार नसतं, पण आमच्या गाडीचं पोट खाली असल्यानं पाणी थेट इंजिनाला भिडतं आणि गाडी मधेच मान टाकते. एवढी वर्षं पाणी उतरेपर्यंत आम्ही घरात बसून राहायचो. यंदा तसं चालणार नाही. रोपवाटिकेकडे रोपांच्या मागण्या आहेत, वेळेवर पोचायला हवं.

इथल्या मेकॅनिकला विचारलं. त्याला सगळे 'होऊन-जाईल' म्हणतात, कारण काहीही विचारा, तो तेवढंच बोलतो. तो म्हणतो, ॲक्सल आणि त्याच्यावरची पोलादी पाट्यांची कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवू, अर्ध्या दिवसाचं काम. दुसरा एकजण म्हणतो, मोठे टायर घाला. मला दोघांचाही भरवसा वाटत नाही. बाबांच्या मागे तू एवढी वर्षं कमानपाटे ठोकतेस, मग घरचा वैद्य सोडून बाहेर कशाला जाऊ? गाडीत माल नेहमी भरलेलाच असतो, त्या हिशेबानं काय ते सांग.

ही बरी आहे. थोडा अशक्तपणा आहे, बाकी काही नाही. तुला नमस्कार सांगते.

तुझा
धाकटा


२० मार्च

धाकट्या,

पत्र वाचून आधी पोटभर हसले. विशीतली पोरं येतात माझ्याकडे गाड्या उंच करायला, त्यांना मी हाकलून देते. आता माझाच भाऊ केस पांढरे झाल्यावर रांगेत उभा! वहिनीला म्हणावं, आता गाडीत बसायचं तर शिडी घेऊन फिर.

असो. ठोकळ्यांचं नाव काढू नकोस. मागच्या ॲक्सलला ते एक वेळ चालतील, पण पुढच्याला ठोकळे बसवणाऱ्याच्या दुकानात पाऊलसुद्धा ठेवू नये. ब्रेक दाबला की कमान पिळवटते आणि ठोकळा जागचा हलतो. मग 'होऊन-जाईल' म्हणतो तसं खरोखरच होऊन जाईल. मोठे टायर वळताना मडगार्डला घासतात. काहीजण कमान टांगायच्या पट्ट्या लांब करून देतात, त्यानं गाडी वर येते पण स्टीअरिंग हातात राहत नाही. खरा उपाय एकच, चारही कमानी नव्या आणि जास्त बाक दिलेल्या. त्या मी करून पाठवते. चार बोटं उंची मिळेल. त्याहून जास्त मागू नकोस, गाडी वळणावर डोलायला लागते.

तू लिहिलंस की गाडी भरलेलीच असते, म्हणून पाटे जाड घेते. हलके घेतले तर मालाखाली ते सपाट होतील आणि उंची गेलीच म्हणून समज. कमान ओझ्यासाठी असते, हे बाबा किती वेळा सांगायचे आठवतं ना?

बसवताना घाई करायची नाही. गाडी लोखंडी टेकूंवर, घोड्यांवर ठेव, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरलास तर मी तिथं येऊन कान उपटीन. कमान ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घालायचे, जुने परत आवळायचे नाहीत. ब्रेकचे पाइप ताणले जातील, ते लांब घ्या. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून करायचं. थोडी चालली की पुन्हा आवळायचं. हेडलाइट खाली वळवून घे, नाहीतर समोरचा शिव्या घालेल.

आणि पेल्याची चाचणी घे. माल भरायचा, शेजारच्या सीटवर काठोकाठ पाणी भरलेला पेला ठेवायचा आणि खराब रस्त्यानं एक फेरी मारायची. बाबांचा पितळी पेला माझ्याकडे आहे, तू घरातला कुठलाही घे. पाणी सांडलं तर पाटे माझ्याकडे परत पाठव.

ताई


२८ मे

ताई,

कमानी बसल्या. 'होऊन-जाईल'ला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो रागावला नाही, उलट म्हणाला की बाई कडक दिसते. दोन दिवस लागले. जुन्या कमानी काढताना एक बोल्ट गंजून असा चिकटला होता की आम्ही दोघांनी त्याला मिळून शिव्या घातल्या, तेव्हा कुठे हलला. पुढची बाजू बसली, मागची बसली, मग गाडी घोड्यांवरून खाली घेतली आणि आम्ही दोघं लांब जाऊन उभे राहिलो. माझीच गाडी मला अनोळखी वाटली. ऊर काढून उभी होती.

पेल्याची चाचणीही घेतली. मागे मातीनं भरलेल्या कुंड्या काठापर्यंत लावल्या आणि खडीच्या रस्त्यानं ओढ्यापर्यंत जाऊन आलो. थेंब सांडला नाही. बाबा असते तर एक शब्द बोलले नसते, नुसतं पाणी पिऊन टाकलं असतं.

सुताराकडून दाराशी लावायला लाकडाची एक पायरी करून घेतली. ती गाडीतच ठेवतो. गाडी फारच उंच झाली आहे, एवढं मला आधी सुचलं नव्हतं. मी फरशीवरचं पाणी काठीनं मोजलं, दाराशी पाय किती वर उचलावा लागेल ते मोजलं नाही.

एक विचारायचं होतं. गाडी रिकामी असली की फार उडते. लहानशा खड्ड्यातही असा दणका देते की दात वाजतात. ह्याला काही करता येईल का? मी हळू चालवतो, पण खडी ती खडीच.

ही ठीक आहे. परवा उन्हात बसली होती थोडा वेळ.

धाकटा


६ जून

धाकट्या,

पायरी? तुझ्या गुडघ्यांनी एवढ्यात राम म्हटला का? मी तुझ्याहून मोठी आहे आणि अजून ट्रकच्या हौद्यात उडी मारून चढते. उतरताना कोणी बघत नाही ना ते पाहते, ती गोष्ट वेगळी.

रिकामी गाडी उडणारच. मालगाडीच्या कमानी त्या, त्यांना ओझं लागतं. पण मला कळत नाही, तू गाडी रिकामी फिरवतोसच कशाला? रोपं भर आणि जा. अगदीच रिकामं जावं लागलं तर वाळूची आठ-दहा पोती मागे टाक. त्याहून कमी ओझं त्या पाट्यांना कळायचंसुद्धा नाही. तुझ्यासारखा एक माणूस बसला काय आणि उठला काय, त्यांना सारखंच.

वहिनी उन्हात बसली होती हे तू बातमी असल्यासारखं का लिहितोस? तिला म्हणावं, कधीतरी दोन ओळी तूही लिही. तिचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे.

ताई


१७ जुलै

वन्सं,

साष्टांग नमस्कार. तसा मी आडवीच पडून लिहितेय, म्हणजे निम्मा नमस्कार आपोआप झाला. अक्षर चांगलं म्हणालात, आता बघा कसं वाकडंतिकडं पळतंय. हे पाणी घालायला गेलेत, येईपर्यंत लिहून पाकीट बंद करायचं आहे. पत्र टाकायला शेजारीण नेणार आहे.

तुम्हांला काही सांगायचं नाही असं मीच ह्यांना बजावलं होतं, तेव्हा त्यांच्यावर चिडू नका. माझं दुखणं मणक्यात आहे. त्याचं नाव मी घेत नाही, डॉक्टर घेतात तेवढं पुरे. ते बरं व्हायचं नाही, हे मला कळलं आहे. दर आठवड्याला शहरातल्या इस्पितळात जाऊन सुई घेतली की दुखणं सोसण्याजोगं राहतं. सुई चुकली की नाही राहत. एकदा चुकली होती, तेव्हा ह्यांनी कानांवर हात दाबून धरले होते, इतकी मी ओरडत होते. त्यानंतर चार दिवसांनी ह्यांनी गाडी उंच करायचं काढलं. फरशीवर पाणी आलं तरी माझी सुई चुकू नये म्हणून. रोपांच्या मागण्या वगैरे सगळी थाप. रोपवाटिका आता नावालाच उरली आहे.

तुम्हांला कळवलं असतं तर तुम्ही दुकानाला कुलूप लावून धावत आला असता आणि उशाशी बसून रडला असता. तुम्ही रडता, मला माहीत आहे. लग्नात माझ्या आईपेक्षा जास्त तुम्हीच रडला होता आणि लोकांना वाटलं होतं की तुम्ही मुलीकडच्या.

आता खरं काम सांगते. तुमच्या कमानी चांगल्या आहेत, पण मी काही मालाची गोणी नाही. रिकाम्या गाडीत बसलं की प्रत्येक खडा मला मणक्यात मोजता येतो. तुम्ही लिहिल्याप्रमाणे ह्यांनी वाळूची पोती भरली. गाडी मऊ झाली, पण पोत्यांनी ती दोनेक बोटं खाली बसली, आणि यंदा पाणी एवढं आहे की तेवढंही चालत नाही. मग फरशी कशी ओलांडायची? म्हणून हे काय करतात ठाऊक आहे? ओढ्यापाशी गाडी थांबवतात आणि सगळी पोती खाली उतरवतात. गाडी वर येते. पाण्यातून पलीकडे जातो. पलीकडे दुसरी पोती रचून ठेवली आहेत, ती हे पुन्हा चढवतात. येताना तेच सगळं उलट. मी सीटवर बसून आरशात बघत असते. साठीला आलेला माणूस पावसात भिजून, पाठीत वाकून पोती उचलतो आणि प्रत्येक पोतं ठेवलं की आरशातून माझ्याकडे बघून हसतो. मला ते बघवत नाही, वन्सं. माझं जायचं ते जाईल. पण मागे ह्यांची पाठ तरी धड राहू द्या. ह्यांना कोण आहे नंतर?

म्हणून विचारते, गाडी उंचही राहील आणि रिकामी असतानाही मऊ चालेल अशी कमान असते का? असली तर करा. उशीर झाला तरी करा, पण फार नको.

आणखी एक. गाडीत दुखायला लागलं की मी डोळे मिटून घेते. ह्यांना वाटतं मला झोप लागली. काय खूश होतात! घरी आल्यावर शेजारणीला सांगतात, आज गाडीत छान झोपली. एकदाही झोपलेले नाही. त्या गाडीत झोप येणं शक्य नाही. पण हे त्यांना कधी कळू देऊ नका, आणि हे पत्रही.

पाय शिवते.

तुमची भावजय


२ ऑगस्ट

धाकट्या,

आज मालवाहू ट्रकनं चार कमानी पाठवल्या आहेत. शहरातल्या माल-कचेरीत उतरतील, तिथून घेऊन ये.

झालं असं, की एका गिऱ्हाइकानं माणसं वाहायच्या गाडीसाठी कमानी सांगितल्या आणि नेल्याच नाहीत. तुझ्या गाडीला बरोबर बसतात. पडून गंजण्यापेक्षा तू वापर. ह्यात पाटे पातळ आहेत पण जास्त आहेत. एकमेकांवर सरकत दणका खातात. सगळ्यात खाली एक जाड पाटा आहे, तो ओझं आलं तरच टेकतो. म्हणजे रिकामी असताना गाडी मऊ आणि भरलेली असताना टणक. उंची तेवढीच, चार बोटं. मी एवढी वर्षं हा धंदा केला, पण माल नसलेल्या गाडीत माणूस बसतं हे कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. पेल्याची चाचणीसुद्धा आपण कायम माल भरूनच घेत आलो. बाबांनी तशी घेतली म्हणून मीही तशीच घेतली.

सोबत बाबांचा पेला पाठवतेय. ह्या वेळी गाडी रिकामी ठेवून चाचणी घे. पेला नंतर मला परत हवा आहे, तो द्यायला तुम्ही दोघं या. किंवा मी येते. मी आलेली चालेल का, ते वहिनीला विचार. मी रडणार नाही म्हणावं.

काम पुढे ढकलू नकोस. 'होऊन-जाईल'ला लगेच बोलाव.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

तार केली होती, इतक्यात येऊ नकोस म्हणूनही कळवलं होतं, पण तुझ्या दोन पत्रांना उत्तर द्यायचं राहिलं. लिहायला बसायचो आणि कागद तसाच ठेवायचो. तुला आधीपासून काही कळवलं नाही ह्याचा राग धरू नकोस. तिनं शपथ घातली होती.

तुझ्या कमानी वेळेवर आल्या. मीच वेळेवर बसवू शकलो नाही. त्या दिवशी हिची सुई होती. इस्पितळातून निघालो, माल-कचेरीत गेलो, हमालानं चारही कमानी हौद्यात चढवल्या. हिनं काच खाली करून विचारलं, "काय आहे?" मी म्हणालो, "ताईनं तुझ्यासाठी मऊ कमानी पाठवल्यात." ती म्हणाली, "माझ्यासाठी कशाला, त्यांना काय माहीत?" आणि हसली. मी म्हणालो, "उद्या बसवतो." ती म्हणाली, "सावकाश."

फरशीवरचं पाणी उतरलं होतं. तरी पोती ओढ्यावरच राहू द्या म्हणून तिनं त्या दिवशी हट्ट धरला होता, त्यामुळे नुसत्या तुझ्या कमानी मागे घेऊन आम्ही तसेच घरी आलो. त्या रात्रीपासून ती उठली नाही. दोन दिवसांनी सकाळी गेली. शांतपणे गेली असं सगळे म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मला वाटलं की घरातून कुणीतरी सगळा आवाज काढून नेला.

कमानी परसात पडून होत्या. मी तिकडे जात नव्हतो. परवा 'होऊन-जाईल' स्वतःच हत्यारं घेऊन आला. ह्या खेपेला तो एकदाही 'होऊन जाईल' म्हणाला नाही. आम्ही चारही कमानी बसवल्या. मग मी एकटाच निघालो. बाबांचा पेला काठोकाठ भरला आणि तिच्या जागेवर ठेवला. हौदा रिकामा. वाळूची पोती ओढ्याच्या दोन्ही काठांना अजून पडलेली आहेत, त्यांच्याकडे न बघता पुढे गेलो. जिथं ती दाराची कडी घट्ट धरायची, त्या खड्ड्यातून गाडी मुद्दाम नेली. शहराच्या रस्त्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

एक थेंब सांडला नाही, ताई. एवढी चांगली कमान तू आयुष्यात केली नसशील. मी दारात गाडी थांबवली आणि पेल्याकडे बघून रडलो. तेवढं पाणी बसलं तिथं, ती बसली नाही. पेला अजून भरलेलाच आहे. ओतायला हात होत नाही.

तुला एक विचारायचं आहे. ही गाडीत डोळे मिटून पडायची. झोपल्याचं सोंग करायची. मला काय कळत नव्हतं? पापण्या थरथरायच्या, हात मुठीत असायचा. मी मुद्दाम शेजारणीला तिच्यादेखत सांगायचो की आज छान झोपली. म्हणजे तिला वाटावं, आपलं साधलं. पण त्या शेवटच्या दिवशी पापण्या हलत नव्हत्या. मूठ उघडी होती. मान माझ्याकडे कलली होती आणि घर आलं तरी ती जागी झाली नाही, मला हाक मारावी लागली. मागे तुझ्या चार कमानी होत्या. दुसरं काही ओझं नव्हतं. तुला ह्यातलं कळतं म्हणून विचारतो. तेवढ्या ओझ्यानं त्या जाड पाट्यांना काही फरक पडतो का? गाडी मऊ होते का? ती त्या दिवशी खरंच झोपली होती का?

धाकटा


७ सप्टेंबर

धाकट्या,

दुकानाला कुलूप लावलं आहे. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. रस्त्यापर्यंत पिकअप घेऊन ये. तिच्या जागेवर मी बसणार नाही, मागे हौद्यात बसेन. पेला तसाच राहू दे, आपण दोघं मिळून त्याचं काय करायचं ते ठरवू. आणि मी रडणार नाही असं म्हणाले होते, ते आता धरू नकोस.

कमानी बसवून आठवडा होऊन गेला असेल. यू-बोल्ट पुन्हा आवळून घे. पोती मात्र तू उचलू नकोस, मी आल्यावर बघू. पाठ शेकत जा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मागे मी लिहिलं होतं की आठ-दहा पोत्यांहून कमी ओझं त्या पाट्यांना कळत नाही. ते वाळूच्या पोत्यांचं झालं. लोखंडाचं तसं नसतं. लोखंड एका जागी बसतं, बरोबर ॲक्सलवर, आणि चार कमानींचं ओझं जाड पाट्यालाही पुरतं. एवढी वर्षं मी ह्या धंद्यात आहे, कुणाला कधी खोटी कमान दिलेली नाही, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेव.

हो, फरक पडतो. गाडी मऊ झाली होती. ती झोपलीच होती.

ताई